डिशवॉशरवर एरर कोड आला की आधी काय तपासायचं?

खटपट्या

डिशवॉशर मध्येच थांबतं, पीं पीं वाजतं आणि पडद्यावर एखादं अक्षर आणि आकडा लुकलुकत राहतो. मग बहुतेक जण त्या कोडचा अर्थ शोधतात. तिथे "ड्रेन पंप" किंवा "हीटर" असं काहीतरी लिहिलेलं सापडतं आणि लगेच नवीन पार्ट मागवला जातो. पार्ट बसवल्यावर पुन्हा तोच कोड. असं होताना इतक्यांदा पाहिलंय की या विषयावर वेगळा धागा हवाच असं वाटलं.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचं नाव नव्हे. मशीन आपल्या कोणत्या तपासणीत अडकलं, एवढंच तो सांगतो. पुढचा शोध आपण उलट्या दिशेने घ्यायचा असतो.

मशीन काय काय तपासतं ते आधी बघू. पाणी आत येताना ते एका छोट्या चक्रीवरून जातं. चक्रीत चुंबक असतो, ती फिरली की सेन्सरला स्पंदनं मिळतात आणि मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड ती मोजून किती पाणी आलं ते ठरवतो. काही मशीनमध्ये त्याऐवजी पाण्याच्या दाबावरून पातळी कळते. निचरा झाला की नाही हे दाबाच्या सेन्सरवरून किंवा ड्रेन पंपावर पडणाऱ्या भारावरून समजतं. तापमान सांगायला थर्मिस्टर असतो. आणि मशीनच्या तळाशी जो पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा ट्रे असतो, त्यात थर्माकोलसारखा हलका तरंगता तुकडा आणि त्याच्यावर एक स्विच. ट्रेमध्ये पाणी साठलं की तुकडा वर येतो, स्विच दबतो आणि मशीन सगळं थांबवतं.

म्हणजे मुख्य तपासण्या चारच: पाणी वेळेत आलं का, वेळेत गेलं का, वेळेत तापलं का, आणि नको तिथे सांडलं का. कंपनी कोणतीही असो, नेहमी दिसणारे बहुतेक कोड या चारांपैकी एकात बसतात.

काही नेहमीचे कोड देतो:

बॉश आणि सीमेन्स: ई१५ म्हणजे तळाच्या ट्रेमध्ये पाणी. ई१८ पाणी कमी येतंय. ई२२ फिल्टर तुंबलाय. ई२४ निचरा होत नाही. ई२५ ड्रेन पंप अडकलाय किंवा त्याचं झाकण नीट बसलेलं नाही. ई०९ पाणी तापत नाही.

एलजी: आयई पाणी येत नाही, ओई निचरा नाही, एचई तापण्याची अडचण, एई गळती, एलई मोटर.

सॅमसंग: ४सी पाणी येत नाही, ५सी निचरा नाही, एलसी गळती, ओसी पाणी जास्त झालं. जुन्या मशीनवर यातल्या 'सी'च्या जागी 'ई' दिसतो.

इलेक्ट्रोलक्स आणि एईजी: आय१० पाणी, आय२० निचरा, आय३० गळती.

मीले: एफ११ निचरा, एफ१२ आणि एफ१३ पाणी आत येणं, एफ७० गळती.

वरच्या यादीत एक गोष्ट नीट बघा. एलई एलजीवर आला तर मोटर, जुन्या सॅमसंगवर आला तर गळती. ओई एलजीवर निचऱ्याचा, जुन्या सॅमसंगवर पाणी जास्त झाल्याचा. म्हणून मदत मागताना नुसता कोड लिहू नका. कंपनी आणि मॉडेल नंबरही हवा. तो दार उघडल्यावर दाराच्या वरच्या किंवा बाजूच्या कडेला छोट्या पट्टीवर छापलेला असतो.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: मशीनच्या आत हात घालण्याआधी प्लग काढायचा. प्लगपर्यंत हात पोचत नसेल तर त्या लाइनचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) खाली करायचा. बटणाने बंद केलेल्या मशीनमध्ये वीज असते. पाइप किंवा व्हॉल्व्हला हात लावणार असाल तर पाण्याचा कॉकही बंद करा.

रानफूल

अगदी वेळेवर धागा आलाय. आमच्याकडे निचऱ्याचा कोड येतोय. तळाशी काळपट पाणी साठलेलं दिसतं. फिल्टर काढून ब्रशने स्वच्छ केला, जाळीच्या आरपार उजेड दिसतो आता. तरी पुढच्या धुण्यात शेवटी तोच कोड. पंप गेला असेल का?

खटपट्या

रानफूल, इतक्यात पंपाला दोष देऊ नका. आधी कानाने निदान करू.

साठलेलं पाणी मगने आणि स्पंजने काढून टाका. मग आत साधारण लिटरभर स्वच्छ पाणी ओता, दार लावा आणि चालू सायकल रद्द करायची जी पद्धत असेल ती करा. बऱ्याच मशीनमध्ये स्टार्टचं बटण काही सेकंद दाबून धरलं की सायकल रद्द होते आणि मशीन आधी पाणी बाहेर टाकतं. त्या वेळी खाली कान द्या.

काहीच आवाज नाही: पंपापर्यंत वीज येत नाही किंवा पंपाचं कॉइल गेलंय.

नुसती घूं घूं, पण पाणी हलत नाही: पंपाच्या पंख्यात काहीतरी अडकलंय किंवा पुढे पाइप तुंबलाय.

पाणी जाताना खळखळ ऐकू येते, पण सावकाश: पाइप पिळला गेलाय, चेपलाय, किंवा सिंकखालच्या जोडणीत अडथळा आहे.

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते सांगा.

रानफूल

घूं घूं येते. पाणी हलत नाही.

खटपट्या

मग पंखा बघू. प्लग काढा. फिल्टर बाहेर घ्या. फिल्टरच्या खोबणीत उरलेलं पाणी स्पंजने पूर्ण टिपून घ्या, नाहीतर खाली काही दिसणार नाही. हातमोजे घाला, कारण तिथे फुटक्या काचेचे तुकडे सापडतात आणि ते पाण्यात दिसत नाहीत.

खोबणीच्या एका बाजूला प्लास्टिकचं छोटं झाकण असतं. काही मशीनमध्ये ते चमच्याच्या टोकाने हलकेच उचकटून निघतं, काहींमध्ये एका स्क्रूने बसवलेलं असतं. झाकण निघालं की आत छोटा पंखा दिसेल. बोटाने फिरवून पाहा. तो गुळगुळीत फिरणार नाही, टप्प्याटप्प्याने अडखळत फिरेल. ते बरोबर आहे, आतल्या चुंबकामुळे तसं जाणवतं. बरेच जण याच ठिकाणी पंप खराब ठरवतात. पंखा अजिबात हलला नाही, किंवा सैल होऊन डुगडुगत असेल, तरच काळजीचं.

पात्यांमध्ये केस, दोरा, टूथपिक, बी, बरणीच्या लेबलचा लगदा असलं काही गुंडाळलेलं असेल तर चिमट्याने काढा. आणि झाकण परत बसवताना "टक्" असा आवाज येईपर्यंत दाबा. तो आवाज आला नाही तर पंप चालेल, पण पाणी ढकलायला जोर राहणार नाही आणि कोड पुन्हा येईल.

तारतंत्री

खटपट्या यांनी छान लिहिलंय. निचऱ्याबद्दल माझी थोडी भर.

पंखा मोकळा असूनही पाणी जात नसेल तर ड्रेन पाइपचं सिंककडचं टोक काढून बादलीत सोडा आणि पुन्हा निचरा चालवा. बादलीत धार जोरात आली तर मशीन निर्दोष आहे, दोष सिंकच्या पाइपमध्ये आहे. इथे पाच मिनिटं घालवली की पंपाचा खर्च वाचतो.

नवीन सिंक बसवल्यावर किंवा सिंकखाली कचरा दळणारं यंत्र लावल्यावर लगेच कोड सुरू झाला असेल, तर तिथल्या नळकांड्याचं तोंड बघा. डिशवॉशरचा पाइप जिथे जोडतात तिथे कारखान्यातून आलेली प्लास्टिकची चकती असते. ती फोडून काढायची असते. ती तशीच राहिली तर पाणी जाणार कुठून?

पाइप सिंकखाली कुठेतरी उंच नेऊन मग खाली उतरवलेला असावा. तो सरळ जमिनीलगत गेला तर सिंकमधलं घाण पाणी मशीनमध्ये परत येतं. मशीन बंद असतानाही तळाशी पाणी साठत असेल तर आधी हीच शंका घ्यायची.

रानफूल

सापडलं! बरणीच्या लेबलचा कागद, पार लगदा झालेला, पंख्याच्या पात्याभोवती घट्ट गुंडाळला होता. आणि त्याच्याखाली काचेची एक बारीक चीप. कागद काढताना ती मोज्याला टोचली, त्यामुळे मोज्यांची सूचना खरंच महत्त्वाची होती. झाकण लावताना टक् ऐकू आलं. निचरा चालवला तर पाणी सरकन गेलं. दोघांचे मनापासून आभार.

एक शंका. निचरा झाल्यावरही फिल्टरच्या खाली थोडंसं पाणी दिसतंय. ते चालेल का?

खटपट्या

चालेल. स्वच्छ असेल आणि फिल्टरच्या खालीच असेल तर ते राहायलाच हवं, त्यामुळे तिथले सील ओले राहतात. फिल्टरच्या वर चढलेलं किंवा गढूळ पाणी मात्र नको.

सांजवेळ

आमचा प्रश्न उलट आहे. मशीन पाणी घेतच नाही असं म्हणतंय. नळाचं चित्र आणि कोड. पण नळ तर उघडा आहे आणि सिंकला पाणी व्यवस्थित येतं. इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, टाकी थेट डोक्यावर आहे.

खटपट्या

शेवटच्या वाक्यात बहुधा उत्तर दडलंय, पण क्रमाने जाऊ.

पाणी येण्याच्या कोडला कॉकपासून सुरुवात करायची. कॉक पूर्ण उघडा आहे ना? पाइप मशीनच्या मागे भिंतीला चेपून दुमडला नाही ना? मग कॉक बंद करून पाइप सोडवा. पाइप जिथे जोडला जातो तिथे नखाएवढी गोल जाळी असते. वाळू, गंज आणि क्षाराचे कण तिथे अडकतात. ती चिमट्याने ओढून नळाखाली उलटी धरून धुवा. पाण्याच्या टाकीची साफसफाई किंवा प्लंबिंगचं काम झाल्यानंतर हा कोड आला असेल तर ही जाळी हमखास भरलेली सापडते.

जाळी स्वच्छ असेल तर दाबाकडे वळायचं. बऱ्याच मशीनना किमान अर्धा बार दाब लागतो. काही मॉडेल त्याहून कमी दाबावर चालतात, पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार. म्हणजे अर्ध्या बारसाठी टाकीतलं पाणी मशीनच्या व्हॉल्व्हपेक्षा निदान ५ मीटर वर हवं. टाकी थेट छतावर असेल तर ही उंची तीनेक मीटरच भरते. सिंकच्या नळाला पाणी बरं वाटतं, कारण नळाचं तोंड रुंद असतं. मशीनचा व्हॉल्व्ह मात्र पाण्याच्याच दाबाच्या मदतीने उघडतो. दाब कमी असला की तो अर्धवट उघडतो, चक्री रेंगाळत फिरते आणि बोर्ड पाणी येत नाही असं समजतो. इथे व्हॉल्व्ह बदलून काही उपयोग नाही, दाब वाढवणारा छोटा पंप लागेल.

सांजवेळ

जाळीत बारीक वाळू होतीच, ती काढली. आता इको सायकल पूर्ण होते, पण पाणी भरायला खूप वेळ लागतो. म्हणजे दाबाचंही आहेच. पंपाचं बघतो. पण दार उघडून पाहिलं तर आत पाणी फारच थोडं दिसतं. त्यामुळे अजून शंका वाटते.

खटपट्या

आत तळ्यासारखं पाणी साठत नाही, ते बरोबर आहे. इको सायकलमध्ये सगळं मिळून साधारण १० लिटरच्या आसपास पाणी लागतं आणि तेही टप्प्याटप्प्याने. एका वेळी जे येतं ते तीन-चार लिटर. तेच पाणी पंप पुन्हा पुन्हा वर फेकत राहतो.

अबोली

यात एक भर घालते, कारण आमच्याकडे हे फार उशिरा लक्षात आलं. पाणी येण्याचा कोड होता. जाळी स्वच्छ, दाब उत्तम, येणाऱ्या मेकॅनिकने व्हॉल्व्हसुद्धा बदलला. मूळ कारण ड्रेन पाइप निघाला! त्याचं टोक जमिनीलगतच्या मोरीत खोल घातलेलं होतं. मशीन पाणी भरत होतं आणि सायफनमुळे (खालच्या टोकाकडे पाणी आपोआप ओढलं जातं त्यामुळे) तेच पाणी त्याच वेळी बाहेर वाहून जात होतं. पातळी कधी भरलीच नाही. दुसऱ्या मेकॅनिकने पाइपचं टोक वर घेतलं आणि कोड बंद.

खटपट्या

अबोली, हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. कोड पाणी येण्याचा आणि दोष पाणी जाण्याच्या पाइपचा. पुस्तिकेत पाइपच्या टोकाची किमान आणि कमाल उंची दिलेली असते ती याचसाठी. ओळखायची खूण सांगतो: मशीन पाणी भरत असताना ड्रेनच्या टोकातून पाण्याची धार सुरू असेल तर सायफन आहे.

निवांत_वाचक

इतकं सगळं करायची गरज असते का? आमच्याकडे कोड आला की प्लग काढून दहा मिनिटांनी लावतो. जातो कोड. कित्येक महिने असंच चाललंय.

तारतंत्री

विजेच्या चढउताराने बोर्ड गोंधळला असेल तर प्लग काढून लावल्याने खरंच सुटतं. तेव्हा एकदा करून बघायला हरकत नाही. पण तोच कोड परत येत असेल तर तुम्ही फक्त सूचना पुसताय. निचऱ्याच्या कोडमध्ये निदान पाणी आतच राहतं. गळतीच्या कोडला असं केलंत तर पाणी फर्निचरखाली आणि वायरिंगपर्यंत जाईल. मी स्वतः गळतीचा कोड कधीच नुसता रीसेट करणार नाही.

निवांत_वाचक

आमचा गळतीचा नाही, पाणी येण्याचा आहे. तरी मुद्दा पटला. जाळी उघडून बघतो.

ओलेती

गळतीचाच विषय निघालाय म्हणून विचारते. तळात पाणी असल्याचा कोड आहे. ड्रेन पंप थांबतच नाही, मशीन बंद केलं तरी घरघर चालू. बाहेर जमिनीवर मात्र थेंबसुद्धा नाही. एका व्हिडिओत मशीन मागे कलतं करून पाणी काढून टाकायला सांगितलंय. करू का?

खटपट्या

पंप थांबत नाही कारण तरंगता तुकडा वर आहे, आणि मशीन पूर येऊ नये म्हणून पाणी बाहेर फेकायचा प्रयत्न करतंय. बटणाने ते थांबणार नाही. प्लग काढा, कॉक बंद करा. जमीन कोरडी आहे कारण पाणी अजून ट्रेमध्येच आहे. सांडण्याआधीच अडवायचं हेच त्या ट्रेचं काम.

मशीन कलतं करण्याबद्दल माझं मत सांगतो. सुटं मशीन असेल, दोन माणसं असतील आणि भांडी बाहेर काढलेली असतील तर कलतं केल्याने ट्रेमधलं पाणी बाहेर येतं आणि कोड जातो हे खरं. पण त्याने गळती बंद होत नाही, आणि कुठून गळत होतं त्याची खूणही पुसली जाते. मशीन ओट्याखाली बसवलेलं असेल तर हा प्रश्नच नाही. मी समोरची खालची पट्टी काढतो. सहसा दोन स्क्रू असतात. आत टॉर्च मारून स्पंज आणि जुन्या कापडाने ट्रे कोरडा करतो.

मग खरी तपासणी. सांध्यांखाली कोरडे टिश्यू पेपर पसरा: पाणी आत येण्याचा सांधा, पंपाच्या खाली, दाराच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत. हात, कपडे, केस सगळं लांब ठेवून छोटी सायकल लावा आणि टॉर्चने लांबूनच बघा. जो कागद आधी ओला होईल तिथून माग काढायचा. कागदाला हात लावण्याआधी पुन्हा प्लग काढायचा.

ट्रे हाडासारखा कोरडा असूनही कोड असेल तर तरंगता तुकडा वरच अडकलाय किंवा स्विच खराब आहे.

तारतंत्री

आणि ज्या मशीनच्या पाइपच्या नळाकडच्या टोकाला जाडजूड प्लास्टिकची डबी असते, तो पाइप कापून लहान करू नका. काहींमध्ये त्या डबीत विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो आणि पाइपच्या आवरणातून तारा जातात. ती डबी पाण्यातही बुडवायची नाही.

ओलेती

पट्टी काढली. ट्रेमध्ये पाणी होतं आणि त्यावर चक्क फेस तरंगत होता. दाराच्या खालच्या कोपऱ्यातला कागद सगळ्यात आधी भिजला. दाराचं रबर तर नवंच दिसतंय.

खटपट्या

फेस! मग रबरापेक्षा साबण आधी बघा. हाताने भांडी घासायचं लिक्विड कुणी आत घातलं होतं का? किंवा भांडी त्या साबणाने घासून, नीट न विसळता आत लावली होती का? रिन्स एड (शेवटच्या विसळणीत भांड्यांवरून पाणी निथळायला मदत करणारं द्रव) भरताना बाहेर सांडलं तरी असंच होतं. फेस झाला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि फेस दाराच्या फटीतून खाली उतरतो. डिशवॉशरची पावडर कमी फेसाची बनवलेली असते ती म्हणूनच.

उपाय सोपा आहे, वेळ खातो एवढंच. फेस स्पंजने जमेल तितका काढा. थंड पाणी ओता, निचरा करा, पुन्हा ओता, पुन्हा निचरा. पाणी फेसाविना जाईपर्यंत हेच. गरम पाणी वापरू नका, फेस वाढेल. त्यानंतर साबण न घालता एक छोटी सायकल.

त्यानंतरही कोपरा भिजला तर भांड्यांवर पाणी फवारणारा खालचा फिरता पंखा काढून त्याची शिवण बघा. शिवण उकलली असेल तर पाण्याची धार थेट दाराच्या फटीवर बसते. ही गोष्ट भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते.

ओलेती

घरात लिक्विडच घातलं गेलं होतं, विचारल्यावर कळलं. सांगितल्याप्रमाणे करतेय.

मृद्गंध

तापण्याच्या कोडबद्दल कुणी लिहील का? भांडी ओली राहतात, पावडर विरघळत नाही, शेवटी हीटरचा कोड. माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि वापरता येतो.

तारतंत्री

हा माझा आवडता भाग, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मल्टिमीटर हातात घेण्याआधी फिल्टर आणि फिरते पंखे साफ करा. हीटरवरून पाणी जोरात वाहिलं नाही तर संरक्षक थर्मोस्टॅट त्याला तोडतो, किंवा दाबाचा स्विच त्याला सुरूच होऊ देत नाही. तेव्हा हीटर ठणठणीत असूनही कोड हीटरचाच येतो.

आता मोजमाप. प्लग काढलेला, आणि काढून काही मिनिटं झालेली, कारण बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये भार उरतो. हीटरची एक तार सोडवून दोन टोकांमध्ये ओहम मोजा. किती यायला हवेत ते हीटरच्या वॉटवरून काढता येतं: व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर असेल तर साधारण २६ ओहम, १८०० वॉटचा असेल तर २९ च्या आसपास. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटलाय. आकडा बरोबर आला तर हीटरला दोष देऊ नका.

मग थर्मिस्टर. त्याचा रोध तापमान वाढलं की कमी होतो. त्याची दोन टोकं मीटरला जोडा आणि सेन्सरचं डोकं कोमट पाण्यात धरा. आकडा सलग खाली यायला हवा. आकडा अडकून राहिला किंवा उड्या मारू लागला तर सेन्सर बदला.

दोन्ही ठीक असतील तर बोर्डावरचा रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा स्विच, उरतो. हीटरचा प्रवाह मोठा, त्यामुळे रिलेच्या पायांभोवतीचं डाग दिलेलं (सोल्डर केलेलं) कथील कालांतराने तडकतं. बोर्ड उलटा करून भिंगातून बघितलं तर पायाभोवती बारीक गोल चीर किंवा तपकिरी करपट दिसते. डाग देण्याचा हात बसलेला असेल तर तेवढाच डाग नव्याने दिला तरी काम होतं. हात बसलेला नसेल तर बोर्ड इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

मृद्गंध

हीटर २७ ओहम. थर्मिस्टरही बरोबर खाली उतरतोय. पण आणखी एक गोष्ट, अधूनमधून घरातला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो, तो नेमका मशीन पाणी तापवत असतानाच.

तारतंत्री

मृद्गंध, इथेच थांबा. मशीन वापरू नका. पाणी तापायच्या टप्प्यावर आरसीसीबी पडतोय याचा अर्थ बहुधा हीटरच्या आवरणाला सूक्ष्म चीर आहे आणि वीज अर्थिंगकडे गळतेय. २७ ओहम बरोबर असूनही हे होऊ शकतं, कारण तार अखंड आहे, इन्सुलेशन गेलंय. साधा मल्टिमीटर ही गळती दाखवेलच असं नाही, त्यासाठी जास्त व्होल्टवर तपासणारा मेगर लागतो. इलेक्ट्रिशियनकडून मेगर लावून घ्या. आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून मशीन चालवणं किंवा अर्थिंग सोडवणं, दोन्ही जिवावर बेतू शकतं. कृपया कुणीही करू नका.

मृद्गंध

प्लग काढून ठेवलाय. उद्याच कुणालातरी बोलावते. हे वेळेवर कळलं, आभार.

अबोली

क्षार काढण्यासाठी व्हिनेगर चालतं का? हीटरवर पांढरा थर दिसतोय.

खटपट्या

कधीतरी एकदा चालेल, पण दर आठवड्याला नको. वारंवार वापरलं तर रबराच्या सीलवर परिणाम होतो. सायट्रिक ॲसिड किंवा डिशवॉशरसाठी मिळणारा क्लीनर मला जास्त बरा वाटतो. भांडी न लावता, गरम सायकलवर. आणि कुठलंही आम्ल ब्लीचबरोबर मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच तसंही नको, स्टीलच्या टाकीला खड्डे पडतात.

थर पुन्हा पुन्हा येत असेल तर तुमच्या पाण्याचा जडपणा मोजून मशीनमध्ये तो आकडा भरा आणि डिशवॉशरचं मीठ संपू देऊ नका. जेवणातलं मीठ घालू नका, त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात. मीठ भरताना सांडलं तर पुसून लगेच एक सायकल चालवा, नाहीतर तिथे गंज धरतो.

सांजवेळ

दाबाचा पंप बसवला. पाणी भरायचा वेळ लक्षात येण्याइतका कमी झाला. कोड नाही.

निवांत_वाचक

माझ्याकडे जाळी साफ निघाली, दाबही ठीक आहे. पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॉइलचे ओहम मोजू का? किती यायला हवेत?

तारतंत्री

२३० व्होल्टच्या व्हॉल्व्हला साधारण तीन ते साडेचार हजार ओहम येतात. अनंत आलं तर कॉइल गेलं. पण त्याआधी एवढं सांगा: कोड येतो तेव्हा सुरुवातीला पाणी भरल्याचा आवाज येतो का, आणि पडद्यावर किती मिनिटं बाकी दिसत असतात? दर वेळी पहिल्या भरणीलाच येत असेल तर व्हॉल्व्ह किंवा चक्री बघू. मधल्याच एखाद्या भरणीला येत असेल तर अबोलींनी सांगितलेला ड्रेनचा पाइप आधी बघा.